साधनाच्या फाईलचं कुलूप

नवीन जालना,
३ जुलै २०२४

तीर्थरूप ताईस,
धाकट्या मुकुंदचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं हे बरं झालं. तोवर सुईत दोरा ओवायचा हट्ट सोड. फोनवर बोलावं तर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि मोबाईलवर लिहावं तर तुझा मोबाईल कधी कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. तेव्हा पाकीट आणि तिकीट हाच आपल्यातला भरवशाचा मार्ग उरला. पोस्टातली मुलगी मला तिकीट देताना असं बघते, जणू मी ते अल्बमात चिकटवणार आहे.

आज लिहितोय ते तुझ्यापाशीच ठेव. जानेवारीत मी परभणीहून रेल्वेनं आलो, स्टेशनाबाहेर पडलो आणि घराचा रस्ता मला आठवेना. ऑटोवाला विचारून राह्यला की काका कुठं सोडू, आणि मला आपल्या गल्लीचं नाव सांगता येईना. याच स्टेशनावरून मी एकतीस वर्षं बियाणं कंपनीच्या गोदामात सायकलनं गेलो. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो, मग गल्ली आपोआप आठवली. घरी मुकुलला सांगितलं की गाडी लेट होती. गाडी बिचारी अगदी वेळेवर आली होती.

त्यानंतर आणखी दोनतीनदा असं झालं. मला भीती रस्त्याची नाही, रस्ता कुणीही सांगेल. भीती साधनाची आहे. येत्या भाद्रपदात तिला जाऊन दोन वर्षं होतील. त्रेचाळीस वर्षांचा संसार माझ्या डोक्यात आहे आणि डोकं गळायला लागलंय. म्हणून मुकुलच्या जुन्या संगणकावर मी रोज सकाळी बसतो आणि तिच्याबद्दल जे जे आठवेल ते टाईप करतो. साठ पानं झाली. पहिल्या पानावर मात्र स्टेशनाचा प्रसंग आहे, कारण लिहायला का बसलो ते लिहिणं प्रामाणिकपणाचं वाटलं.

आता अडचण अशी की संगणक हॉलमध्ये आहे. मुकुलनं ते पहिलं पान वाचलं तर दुसऱ्या दिवशी स्कूटरची किल्ली त्याच्या खिशात जाईल, तिसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या डॉक्टरची वेळ घेतली जाईल, आणि कोथिंबीर आणायलाही माझ्यासोबत माणूस येईल. लेक फार प्रेमळ आहे, हीच तर पंचाईत आहे.

म्हणून मी बंदोबस्त केला. स्टेशन रोडला राजानंद म्हणून एक संगणक दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे तीन दुपारी बसून शिकलो. संगणक उघडायला एक पासवर्ड, फाईल उघडायला दुसरा, आणि चहाला उठताना पडदा बंद करायचा. नाव, वाढदिवस असलं काही पासवर्डात घालायचं नाही. एकतीस वर्षं मी बियाण्याच्या पिशव्यांवर सील मारलं, एक सील कधी कुणी फोडू शकलं नाही, तेव्हा हे काम मला जड नव्हतं. फाईलचा पासवर्ड मी कागदावर लिहिलेला नाही आणि तुलाही सांगणार नाही. साधनाबद्दलची ती एक अशी गोष्ट आहे की सरणावर गेलो तरी विसरणार नाही.

इकडे सगळे ठीक. तुझी माया आजवर होती तशीच पुढेही मिळावी, एवढंच मागणं.

तुझा,
मुकुंद


जाफराबाद,
११ जुलै २०२४

चि. मुकुंदास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, ऐकलं. ऐकलं असं मुद्दाम लिहायला लावतेय, कारण उजवा डोळाही आता फक्त उजेड आहे की अंधार तेवढं सांगतो. पुढच्या दोन खोल्यांत दैवशाला भाड्यानं राहते, अंगणवाडीत शिकवते, तीच माझी पत्रं वाचते आणि तीच हे लिहून राह्यली. चाळीस पोरांना एकदम ऐकू जाईल असा तिचा आवाज आहे, म्हणून तर मला तिचं वाचणं समजतं. त्या दिवशी ओट्यावर पापड लाटायला नंदाबाई आणि आणखी चौघी आल्या होत्या. तुझं पत्र सगळ्यांना फार आवडलं. स्टेशनाचं ऐकून नंदाबाईनं डोळे पुसले आणि रोज भिजवलेले सात बदाम खायला सांगितलेत. तू काळजी करू नको, कुणाला सांगायचं नाही असं सगळ्या जणींचं ठरलंय. नंदाबाईनं तर आपल्या जावेलाही बजावलं की कुणाला सांगू नको.

आता माझं ऐक. मुकुलला सांगून टाक. तो तुझा मुलगा आहे, फौजदार न्हाई. तू लहानपणी ट्रंकेला कुलूप लावायचास आणि किल्ली हरवू नये म्हणून ट्रंकेच्याच कडीला बांधायचास, ते मला आठवतं. त्या ट्रंकेत काय होतं, तर दोन गोट्या आणि एक भिंगरी. त्या मी रोज काढून खेळायचे आणि जागेवर ठेवायचे. तुला साठ वर्षांत पत्ता लागला नाही, आज सांगते.

साधनाबद्दल लिहितोस हे फार चांगलं करतोस. बाई कशी होती ते कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. जेवणखाण वेळेवर कर, आणि बहिणीवर रागावलास तरी पत्र टाकायला विसरू नको.

तुझी,
ताई

ता. क. मामा, मी दैवशाला. तुम्ही खाजगी असं पत्राच्या वर लिहिलं नव्हतं.


नवीन जालना,
१८ जुलै २०२४

तीर्थरूप ताईस,
मुकुंदचा शि. सा. न. वि. वि.

दैवशाला, इथून पुढचा भाग मनातल्या मनात वाच आणि मग ताईला हळूच सांग. ताईला हळूच सांगता येत नाही हे मला कळतं, पण निदान ओट्यावर कोण आहे ते बघून दार लाव.

ताई, तुझ्या पत्रानं मला दोन दिवस झोप आली नाही. सहा बायका आणि एक जाऊ! एखादी गोष्ट जालन्यात फुटू नये म्हणून मी ती जाफराबादला पाठवली आणि तिथे ती मोठ्यानं वाचली गेली. नंदाबाईचा भाचा मुकुलच्याच ऑफिसात आहे, हे तुझ्या लक्षात तरी आहे का?

असो. झालेल्या गळतीवर उपाय करणं मला येतं. पासवर्ड साधनाबद्दलचा आहे हे सहा बायकांना कळलंय म्हटल्यावर मी तो लगेच बदलला. राजानंद म्हणाला, अधूनमधून बदलत राहणं चांगलंच. नवाही साधनाबद्दलचाच आहे, पण असा की तुला सुचणार नाही. त्यात अंक आहेत, मोठं अक्षर आहे, मधे एक चिन्ह आहे. राजानंदनं पाठ थोपटली. त्याच्या दुकानात येणारी तरुण माणसं एक दोन तीन चार असा पासवर्ड ठेवतात म्हणे.

काल एक फजिती झाली. मी लिहीत असताना गंधाली चहा घेऊन आली. मी इतक्या जल्दी पडदा बंद केला की कप कीबोर्डवर सांडला. सूनबाईनं लगेच फडकं आणलं. कीबोर्ड उचलला, खालचं टेबल पुसलं, कीबोर्ड उलटा करून वाळत ठेवला आणि दुसरा चहा आणला. बँकेत नोकरी करणाऱ्यांना न बोलता बघायची सवय असते, म्हणून मला तिची जरा धास्ती वाटते. पण तिनं काही विचारलं नाही, म्हणजे तिला संशय आलेला नाही.

पानं एकाहत्तर झाली. बदाम खातोय, नंदाबाईला सांग. राग आहे, पण पत्रापुरता. बाकीचा लोभ दोन्हीकडून चालू ठेवू.

तुझा,
मुकुंद


नवीन जालना,
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
मुकुंदचा शि. सा. नमस्कार.

दैवशाला, मोठ्यानं वाचलंस तरी चालेल. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पोळ्याच्या आधी मला ताप आला होता, आठ दिवस पडून होतो. आज सकाळी बरं वाटलं म्हणून संगणकापुढे बसलो. संगणक उघडला. फाईलनं पासवर्ड मागितला. मी हात उचलला आणि बोटं तशीच वर राहिली.

ताई, मला आठवत नाही. साधना आठवते. ती जात्यावर नाही, मिक्सरवर गाणी म्हणायची, कारण मिक्सरच्या आवाजात आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही असं तिला वाटायचं, हे आठवतं. पण तिच्यातली कोणती गोष्ट मी निवडली होती ती आठवत नाही. सकाळपासून बत्तीस वेळा प्रयत्न केला. दर वेळी संगणक म्हणतो, चुकीचा पासवर्ड. माझ्या बायकोबद्दल मला बत्तीस गोष्टी विचारून एक यंत्र मला बत्तीस वेळा चूक म्हणालं.

शहाण्णव पानं आहेत आत. विसरायच्या आधी लिहून ठेवायचं म्हणून मी ती लिहिली, आणि विसरणाऱ्या माणसाच्याच हातात किल्ली ठेवली. मी इतका मूर्ख कसा झालो? मला रडू आलं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

तिचं तुला जे जे आठवत असेल ते लिहून पाठव. त्यात कुठे पासवर्ड सापडला तर बघतो.

तुझा,
मुकुंद


जाफराबाद,
९ सप्टेंबर २०२४

चि. मुकुंदास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

रडू नकोस रे. मी इथं बसून सांगून राह्यले, दैवशाला लिहून राह्यली आणि आज ओट्यावर बायका आहेत तरी कुणी बोलून न्हाई राह्यलं.

साधनाचं माहेर मंठ्याला, शाळेचं नाव मला आठवत नाही, पण तिथं ती लंगडीत पहिली यायची. हे घालून बघ. तिला पांढरी फुलं आवडायची नाहीत, सगळी झेंडूची. तिच्या म्हशीचं नाव राणी. मुकुलच्या बारशाला तिनं सगळ्यांच्या आधी स्वतः जेवून घेतलं होतं आणि आईनं आठ दिवस अबोला धरला होता. हेही घालून बघ.

आणि वाटूर घाल. ते तर तू घातलंच असशील. लग्न लावून आपण मंठ्याहून येत होतो, वाटूर फाट्यावर एसटी बंद पडली. उन्हाचा कहर. नवी नवरी लिंबाखाली गादीच्या वळकटीला टेकून झोपली. तासाभरानं दुसरी गाडी आली, सगळे धावत चढले. तू दारात उभा राहून सामान मोजत होतास. सतराच्या सतरा नग बराबर भरले म्हणालास आणि कंडक्टरला घंटी मारायला सांगितलीस. चार किलोमीटर गेल्यावर मी विचारलं की नवरी कुठंय. परत गेलो तर साधना त्याच लिंबाखाली एका म्हातारीकडून भुईमुगाच्या शेंगा घेऊन खात बसली होती. ती रागावली नाही. म्हणाली, सामान बराबर मोजलं ना? मंग झालं. मला तेव्हाच कळलं की ही बाई तुझा संसार निभावणार.

सापडलं तर लगेच कळव, आणि नाही सापडलं तर त्याहून आधी कळव. जीवाला खाऊ नकोस.

तुझी,
ताई


नवीन जालना,
१९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
मुकुंदचा शि. सा. न.

लंगडी, राणी, झेंडू, मंठा सगळं घालून पाहिलं. वाटूर सगळ्या सालांसकट घातलं. उघडलं नाही.

पण मला दुसरीच गोष्ट लिहायची आहे. वाटूरचा प्रसंग तू लिहिलास तो मला आठवत नाही. एसटी बंद पडली होती एवढं धूसर आठवतं. साधनाला आपण मागे ठेवून गेलो होतो हे मी तुझ्या पत्रात पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचलं. इतकी मोठी गोष्ट. जुलैमध्ये मला ती आठवत होती का? मी ती फाईलीत लिहिली का? हे बघायला फाईल उघडत नाही, आणि ते मला सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही.

राजानंदला दाखवलं. तो म्हणाला, काका, तुम्ही लावलेलं कुलूप तोडायला मोठ्या यंत्रालाही माणसाचा जन्म पुरायचा नाही. वर म्हणाला, माझ्या गिऱ्हाइकांत एवढं चोख काम कुणाचंच नाही. जिल्ह्यात माझ्याइतकी सुरक्षित फाईल कुणाची नसेल, ताई. ती जगात कुणालाच उघडता येत नाही.

संगणक चालू करणं सोडून दिलं. गुडघे दुखतात असं घरी सांगितलंय. यापुढे वरचेवर पत्र आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, माया पातळ झालेली नाही.

मुकुंद


नवीन जालना,
२४ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
गंधालीचा शि. सा. नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय, चूकभूल माफ करा. बाबांबद्दल लिहायचं आहे आणि ते तुम्हालाच विचारता येईल. दैवशालाताई, कृपा करून एवढं पत्र दार लावून वाचा.

बाबा नाष्टा करत नाहीत. हॉलमध्ये बंद संगणकासमोरच्या खुर्चीवर बसतात आणि भिंतीकडे बघतात. विचारलं तर गुडघे सांगतात. पडद्यावर चुकीचा पासवर्ड असं पुन्हापुन्हा येताना मी पाहिलं, म्हणून फाईल उघडत नाही हे आम्हाला माहीत आहे, आणि आम्हाला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

जुलैत चहा सांडला तेव्हा मी कीबोर्ड उचलला. खाली चिकटपट्टीनं संगणकाचा पासवर्ड लावला होता, बाबांच्या त्या गोदामातल्या सुवाच्य अक्षरात, खाली तारीख आणि सही. मी तो वाचायला नको होता. पण त्याआधी दोन वेळा ते गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते आणि एकदा भाजी घेऊन शेजाऱ्यांच्या घरात शिरले होते. मला काळजी वाटत होती. ते देवळात गेले तेव्हा मी संगणक उघडला.

कुलूप लावलेली फाईल काही उघडली नाही. पण बाबांची कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. गोदामात आधी कच्च्या वहीत लिहायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. इथेही त्यांनी तेच केलं. रोज सकाळी एक कच्ची फाईल, तारीख घालून. दुपारी ती शुद्ध करून पक्क्या फाईलीत उतरवायची आणि पक्कीला कुलूप. कच्चं काम झालं की ते ती फाईल पुसून टाकायचे. संगणकावर पुसलेलं आधी कचऱ्याच्या टोपलीत जातं आणि टोपली रिकामी करेपर्यंत तिथंच पडून राहतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. टोपलीत आजवरच्या एकशे तीस फाईली आहेत. सगळी शहाण्णव पानं, कुलपाविना, कचऱ्यात.

मी पहिलं पान वाचलं आणि मुकुलला बोलावलं. तो सगळं वाचून गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मला वाटलं आता स्कूटरची किल्ली काढून घेणार. त्यानं काय केलं तर स्टेशनवरच्या ऑटोवाल्यांना आणि टपरीवाल्याला बाबांचा फोटो आणि आमचा पत्ता देऊन ठेवला. म्हणाला, किल्ली घेतली तर बाबांना कळेल की मी वाचलंय, आणि मग ते लिहायचं थांबतील.

आता खरी अडचण. मुकुलनं सगळे तुकडे तारखेनं लावून एक फाईल केलीय. पण तो रोज ऑफिसातून आल्यावर, बाबा फिरायला गेलेले असताना, तिच्यापुढे बसतो आणि आईंबद्दल त्याला जे आठवतं ते मधेमधे लिहितो. मी म्हटलं, हे बाबांचं आहे, तू हात लावू नको. तो म्हणतो, आई माझीपण होती. आम्ही फाईल बाबांना दिली तर आम्ही वाचलं हे त्यांना कळणार. नाही दिली तर ते असेच बसून राहणार. आणि दिलीच, तर मुकुलनं लिहिलेलं काढून द्यायची का? मला काही सुचत नाही.

आत्याबाई, मला बाबांची फार माया आहे. तुमची आमच्यावर आहे तशीच ती समजा, आणि लवकर उत्तर द्या.

आपली सून,
गंधाली


जाफराबाद,
१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गंधालीस,
अनेक आशीर्वाद. पोरी, तुझ्या सासऱ्याच्या नशिबानं तू त्या घरात आलीस.

दार लावून वाचलं. दैवशाला रडली, म्हणून मधेमधे ऐकू आलं नाही, मग दुसऱ्यांदा वाचून घेतलं.

फाईल हातात नेऊन देऊ नका. आम्ही वाचलं, आम्हाला कळलं, आता डॉक्टरकडे चला, असं चारचौघांत उभं केलंत तर तो त्या दिवसापासून खरंच म्हातारा होईल. संगणक उघडल्यावर समोर दिसेल अशी ठेवा आणि आपापल्या कामाला जा. त्याची त्याला सापडू दे. सापडलेल्या वस्तूला माणूस जपतो. आणि मुकुलचं लिहिलेलं काढू नका. आईबद्दल मुलानं लिहिलंय, त्यात लपवायचं काय? बाप ओळखेल किंवा न्हाई ओळखणार. दोन्हीत काही वाईट नाही.

डॉक्टरचं मी बघते. दिवाळीनंतर माझ्या डोळ्याला संभाजीनगरला न्यायचंय. मुकुंदच माझ्यासोबत पाहिजे असा हट्ट धरणार आहे. तिथं गेल्यावर त्याच दवाखान्यात त्यालाही दाखवून घेऊ. त्याला वाटेल तो मला सांभाळून राह्यला, वाटू दे.

मुकुलला सांग, आत्या म्हणते गुणी पोरगा आहेस. घरातल्या सगळ्यांवर माझा जीव आहे, मोजून पाठवता येत नाही एवढंच.

आत्याबाई


नवीन जालना,
२१ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप ताईस,
मुकुंदचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नकोस. तुझ्या ऑपरेशनला मी येतो. डोळ्याच्या ऑपरेशनला आधी डोक्याच्या डॉक्टरची वेळ कशाला घेतली, हे मी विचारणार नाही. तू मोठी आहेस.

दसऱ्याला गंधालीनं संगणकाची पूजा करायला लावली. हळदकुंकू वाहायचं म्हणून चालू केला, तर पडद्यावर मधोमध एक फाईल. नाव साधना. उघडली तर पासवर्ड मागितलाच नाही. पहिल्यांदा राजानंदवर चिडलो, की एवढं सांगूनही कुठेतरी भोक राहिलंच. मग वाचायला लागलो आणि चिडायचं विसरलो. तीन दिवस वाचत होतो. वाटूर तिथं होतं, ताई. सतरा नग, लिंब, शेंगा, सगळं. मार्चमध्ये मला ते आठवत होतं.

एक्केचाळिसाव्या पानावर मुकुलच्या विषमज्वराचा प्रसंग आहे. तो आठ वर्षांचा. घरात पुस्तक नव्हतं आणि तो गोष्ट मागत होता, म्हणून साधना बियाण्याच्या पिशव्यांवरची लेबलं त्याला गोष्टीसारखी वाचून दाखवायची. वाण अमुक, उगवण शक्ती सत्तर टक्के, वापरायची मुदत तमुक. तो विचारायचा, बाबा कधी येणार. ती सांगायची, बियाण्याचा लॉट तपासणीत पास झाला की. वाचून मला आनंद झाला. म्हटलं, मुकुंदा, अजून तुझं डोकं शाबूत आहे, एवढं बारीक तुला आठवतं.

आणि मग आठवलं की ते अकरा दिवस मी कंपनीच्या परभणीच्या गोदामात होतो. परत आलो तेव्हा मुकुल बरा होऊन खेळत होता. लेबलांची गोष्ट साधनानं मला कधी सांगितली नाही. त्या पानावर साधना असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे आई लिहिलेलं होतं.

मी हॉलमधून उठून आत गेलो. मुकुल पेपर वाचत होता. त्यानं विचारलं, बाबा गुडघे कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. स्कूटरची किल्ली खिळ्यावर होती. मुकुलनं पहिलं पान वाचल्यावरही ती तिथंच होती, कितीक महिने. मला आधी फार लाज वाटली. मग राग आला. मग मी पुन्हा येऊन ती जागा वाचली, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना. ज्या अकरा दिवसांत मी नव्हतो ते माझ्या घरातले अकरा दिवस मला कुणीतरी आणून दिले होते.

आता कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. मी सकाळी त्या उघड्या फाईलीत लिहितो, दुपारी नवा पासवर्ड घालून एक पक्की प्रत बंद करतो, आणि गंधालीला ऐकू जाईल असं म्हणतो की आता कुणाची टाप नाही. ती म्हणते, हो बाबा. कुलूप मी काढणार नाही. ते काढलं तर घरात सगळं बोलावं लागेल, आणि मुकुलला त्या फाईलीत यायला संकोच वाटेल.

गेल्या आठवड्यात लिहिता लिहिता अडलो. साधना दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझ्याशी काहीतरी बोलली होती. मी तिथं होतो, तिचा हात माझ्या हातात होता, आणि ती काय बोलली ते मला काही केल्या आठवेना. ताई, तेही गेलं. मुकुल तेव्हा पायाशी उभा होता. मी चार ओळींची जागा मोकळी सोडली, फाईल तशीच ठेवली आणि संध्याकाळी फिरायला गेलो. परत आलो तेव्हा जागा भरली होती.

ती काय बोलली ते मी तुला पत्रात लिहीत नाही. प्रत्यक्ष भेटलो की सांगेन, तोवर विसरलो तर मुकुलला विचार.

थंडी पडायला लागली, कान बांधून बस. आजवर जसं सांभाळून घेतलंस तसंच पुढेही या भावाला घे.

तुझा,
मुकुंद